पुरस्काराचे पत्र आणि पावसाची वही

पालकांचे पत्र (संक्षिप्त): मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील शेतकरी आहे. मुलगा मराठी माध्यमातून दहावीत शिकतो. घरामागे बाटली आणि नरसाळे लावून त्याने सलग दोन पावसाळे पाऊस मोजला आणि तो तक्ता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडला. त्यानंतर महिन्याभरात एका आंतरराष्ट्रीय विज्ञान पुरस्कारासाठी त्याची निवड झाल्याचे ईमेल आले. सोहळा परदेशात असून नोंदणीसाठी २४,५०० रुपये आठ दिवसांत भरावयाचे आहेत. ते भरावेत का? मराठी शाळेतला मुलगा नोबेलसारख्या पुरस्कारापर्यंत पोहोचू शकतो का, आणि त्यासाठी कोणती शाखा घ्यावी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. तुम्ही सोबत पाठविलेले निवडपत्र मी नीट पाहिले. सोनेरी किनार आहे, दोन सह्या आहेत, पण मुलाने नेमके काय केले याविषयी त्यात एक ओळही नाही, आणि आडनावाचे स्पेलिंगसुद्धा चुकलेले आहे. ज्यांनी काम वाचलेलेच नाही त्यांनी ते गौरविले, असे मानायला आधार नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रमाणपत्राचे मी स्वतः तोंडभरून कौतुक करून बसलो होतो. पुढे कळले की त्या मुलीच्या वर्गातील अकरा जणांना तेच प्रमाणपत्र त्याच दराने मिळालेले होते. त्यामुळे तुम्हाला क्षणभर मोह पडला असेल, तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

खऱ्या पुरस्कारांची रीत याच्या नेमकी उलट असते. नोबेलसाठी स्वतःचे नाव स्वतः सुचविता येत नाही. जगभरातील निवडक प्राध्यापक, अकादमीचे सदस्य आणि पूर्वीचे मानकरी यांच्याकडून ३१ जानेवारीपर्यंत नावे मागविली जातात, ऑक्टोबरमध्ये निर्णय जाहीर होतो, आणि कोणाची नावे आली होती हे पुढची पन्नास वर्षे गुप्त ठेवले जाते. एका विषयाचा पुरस्कार एका वर्षी जास्तीत जास्त तिघांना मिळतो. मानकऱ्याकडून शुल्क घेण्याचा तर प्रश्नच येत नाही. नववी ते बारावीच्या मुलांसाठी अमेरिकेत दरवर्षी आयसेफ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धा होते, पण तिथेही थेट घरी निवडपत्र येत नाही. आपल्या देशातून आयरिस या राष्ट्रीय स्पर्धेत प्रकल्प मांडून, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देऊनच पुढे जावे लागते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात ‘मराठी शाळेतला मुलगा’ हे शब्द तुम्ही अधोरेखित केले आहेत, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. आपल्याच जिल्ह्यातल्या निपाणीहून इचलकरंजी फार तर तासाभराच्या वाटेवर. तिथले सुभाष खोत १९९५ मध्ये आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आले. १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षे त्यांनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक मिळविले. काही गणिती कोड्यांची अचूक उत्तरे संगणकालाही वाजवी वेळात सापडत नाहीत, असे मानले जात होते. पण जवळपासचे, चालण्याजोगे उत्तर शोधणेसुद्धा किती अवघड असते, याविषयी त्यांनी २००२ मध्ये एक अनुमान मांडले. त्या कामासाठी आंतरराष्ट्रीय गणित संघाचा नेवानलिना पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये सोल येथे मिळाला. ते अनुमान पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. चांगल्या प्रश्नालाही मान मिळतो, हे मला त्यात विशेष वाटते.

दुसरे नाव श्रीनिवास कुलकर्णी यांचे. जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत, म्हणजे आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे. बर्कले येथे विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, सेकंदाला सुमारे ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा पल्सार तारा शोधण्यात त्यांचा सहभाग होता. खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना २०२४ मध्ये मिळाला. त्या पहिल्या शोधाला तोवर बेचाळीस वर्षे झाली होती. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये विशीच्या आत असताना ज्या विचाराला लागले, त्या ताऱ्यांच्या अभ्यासाचे नोबेल त्यांना १९८३ मध्ये मिळाले. इतक्या लांबच्या गोष्टीवर नजर ठेवून पंधराव्या वर्षी शाखा निवडता येत नाही. मुलाला रोज सकाळी उठून काय करावेसे वाटते, ते पाहून निवडता येते. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत ते तुमच्या घरामागेच दिसते आहे.

तरीही पावसाचा आणि अशा पुरस्कारांचा संबंध अगदीच नाही असे समजू नका. पृथ्वीच्या हवामानाचे गणिती प्रारूप उभे करणारे स्युकुरो मानाबे यांना २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अभियांत्रिकीला नोबेल नाही, गणितालाही नाही. पण संगणकशास्त्रासाठी ट्युरिंग पुरस्कार आहे आणि तो १९९४ मध्ये आंध्रातील खेड्यातून आलेल्या राज रेड्डी यांना विभागून मिळाला. शेतीत मन असेल तर जागतिक अन्न पुरस्कार आहे. १९८७ मध्ये त्याचे पहिले मानकरी एम. एस. स्वामिनाथन होते, आणि १९९८ मध्ये तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना बियाण्यांच्या कामासाठी मिळाला.

आता शाखेविषयी. दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान घ्यावे आणि त्यात गणित सोडू नये. जीवशास्त्र सोबत ठेवल्यास शेतकी शिक्षणाचा रस्ताही मोकळा राहतो. संशोधनाची आवड टिकली तर दुसऱ्या वर्षी आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची, अभिरुची परीक्षा द्यावी. सात आयसरपैकी पुणे आपल्याला सर्वांत जवळचे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेच्या प्रवेशासाठीची नेस्ट ही परीक्षाही लक्षात ठेवावी. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ हा दुय्यम पर्याय समजू नका. कर्नाटक राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो, तेव्हा जमिनीचा आरटीसी उतारा आताच नीट करून ठेवा. पुढे अभियांत्रिकीकडे वळायचे ठरलेच, तर महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. मात्र तिथली सीईटी द्यावी लागते.

अडचण येईल ती पहिल्या पीयूसीच्या पहिल्या तीन महिन्यांत. दहावीपर्यंत ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘बाष्पीभवन’ म्हणणाऱ्या मुलासमोर एकदम सगळे इंग्रजीत येते आणि विषय कळत असूनही तो वर्गात गप्प बसू लागतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेली निम्मी मुले विज्ञान कठीण म्हणून नव्हे, तर या गप्प बसण्यामुळे शाखा बदलायला निघालेली होती. म्हणून परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत त्याने दहावीचेच विज्ञानाचे पुस्तक इंग्रजी माध्यमाच्या आवृत्तीतून पुन्हा वाचावे. आशय ओळखीचा असल्याने शब्द आपोआप बसतात. महागड्या शिकवणीपेक्षा याचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

वहीविषयी काही सूचना करतो, कारण मला त्या पुरस्कारापेक्षा तीच महत्त्वाची वाटते. बाटलीतील पाण्याची उंची म्हणजे पाऊस नव्हे. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ धरावे लागते. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी जमते. त्याने नुसती उंची लिहिली असेल तर दोन वर्षांचे आकडे वाया गेले असे नाही. बाटली तीच असेल तर प्रत्येक उंचीचे पाणी मोजपात्रात घेऊन सगळे आकडे दुरुस्त करता येतील. हवामान खाते रोज सकाळी साडेआठला नोंद घेते, त्यानेही तीच वेळ धरावी, म्हणजे आपले आकडे सरकारी आकड्यांशेजारी मांडता येतील. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हाच त्याचा पुढचा प्रकल्प. तो केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक या शालेय विज्ञान योजनेसाठी मुख्याध्यापकांमार्फत पाठविता येईल. तिथे निवड झाल्यास १०,००० रुपये मुलालाच मिळतात.

वहीतील जुलैची चार पाने फोटो काढून मला पाठवा. एक लिटरची बाटली त्या मापाच्या नरसाळ्याखाली सुमारे १२७ मिलिमीटर पावसात काठोकाठ भरते, आणि तुमच्या भागात एका दिवसात त्याहून अधिक पाऊस पडतो. ज्या दिवशी बाटली ओसंडली, त्या दिवसाच्या रकान्यात त्याने काय लिहिले आहे, ते मला पाहायचे आहे.

आपला,
मार्गदर्शक, बेळगाव