सॅक्सोफोनचे प्रश्न: स्केल, लय आणि तो 'मूड'

रशियन संगीतकार ग्लाझुनोव्हच्या ऑल्टो सॅक्सोफोन कॉन्चर्टोवरून (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला असलेली रचना) परत तेच प्रश्न आलेत, त्यामुळे एकदाच सगळ्यांना इथेच उत्तर देतेय. ज्यांना हा पीस माहीत नाही त्यांच्यासाठी: 1934 साली सॅक्सोफोनवादक सिगुर्ड राशरसाठी लिहिलेला, सोबतीला फक्त स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं), साधारण 14 मिनिटं, मध्ये कुठेही न थांबता. वर्ष 1934 असलं तरी ऐकायला अगदी आदल्या शतकातलं रशियन संगीत वाटतं.

प्रश्न (पुणे): कव्हरवर ई फ्लॅट मेजर छापलंय आणि माझ्या पार्टवर (सॅक्सोफोनच्या कागदावर) सुरुवातीला एकही फ्लॅट (स्वर कोमल करायची खूण) नाही. चुकीची कॉपी आली का?

नाही, ऑल्टोवर सी वाजवला की पेटीवरची काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट, ऐकू येते, म्हणून तुमच्या कागदावर सी मेजर.

प्रश्न (मडगाव): मधल्या अँदान्तेला (संथ भागाला) माझ्याकडे चार फ्लॅट, साथ करणाऱ्या पियानोवाल्या मैत्रिणीकडे सात. बरोबर कोण?

दोघीही. तिचा सी फ्लॅट मेजर, तुमचा ए फ्लॅट मेजर, गणित वरचंच.

प्रश्न (नाशिक): व्हॉट्सअॅपवर एक चार्ट आला, त्यात प्रत्येक स्केलचा मूड दिलाय. ई फ्लॅट मेजर म्हणजे प्रेम आणि भक्ती, एफ मायनर म्हणजे खोल नैराश्य. माझी मुलगी सध्या एफ मायनरमधला 'द ओल्ड कॅसल'चा सोलो वाजवते, तिच्या मनावर परिणाम होईल का?

अहो, तो चार्ट शूबार्ट नावाच्या जर्मन माणसाचा, अठराव्या शतकातला. सॅक्सोफोन ज्याने बनवला तो अडॉल्फ साक्स जन्मला 1814 साली, म्हणजे चार्ट लिहिणाऱ्याने हे वाद्य ऐकलेलंच नाही, शिवाय तेव्हाचं ट्यूनिंगही वेगळं होतं. आणि मुलीच्या बोटांखाली एफ मायनर असलं तरी तुमच्या कानावर पडतंय जी शार्प मायनर, मग चार्टमधला कुठला रकाना लावणार? मुसॉर्गस्कीच्या पियानोच्या पीसवरून रावेलने 1922 मध्ये ऑर्केस्ट्रासाठी मांडणी केली तेव्हा ही धून ऑल्टोला दिली. तिथला उदासपणा येतो तो संथ 6/8 च्या झुलण्यातून आणि खाली जी शार्प तानपुऱ्यासारखा शेवटपर्यंत धरून ठेवलाय त्यातून.

स्केलने काहीच फरक पडत नाही असंही नाही हां, पण तो बोटांमुळे. मधला सी शार्प एकही कळ न दाबता वाजतो, म्हणून पातळ आणि बेसुरा व्हायला टपलेला, आणि त्याच्या पुढचाच डी जवळपास सगळी बोटं दाबून, भरलेला. हे दोन स्वर एकापाठोपाठ जितक्या वेळा येतात तितक्या वेळा आवाजाचा रंग बदलतो, ते मुलीच्या टीचरकडून समोर बसून ऐकून घ्या. आणि मुलगी खरंच गप्प गप्प वाटत असेल तर आधी तिच्याशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा, पण त्यासाठी बिचाऱ्या एफ मायनरला धरू नका.

प्रश्न (कोल्हापूर): शेवटचा फुगातो (एकच धून एकामागून एक वाद्यं उचलतात तो भाग) मेट्रोनोम अॅपवर 120 लावून वाजवतो तरी रेकॉर्डिंगपेक्षा स्लो वाटतो. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे, 180 लावू का?

नका लावू. तो भाग 12/8 मध्ये आहे, बारमध्ये बारा एट्थ नोट, तीन-तीनचे चार गट, म्हणजे ठोके हवेत चार. तुमचं अॅप साध्या क्वार्टर नोटवर (दोन एट्थवर एक ठोका) आहे, ते देतंय सहा! म्हणजे तुम्ही ज्याला 120 म्हणताय ती खरी लय 80 आहे. बीट डॉटेड क्वार्टरवर (तीन एट्थवर एक ठोका) लावा, अॅपमध्ये ती सोय नसेल तर अॅप बदला.

आता मूळ दुखण्यावर येते. रेकॉर्डिंग लावायचं, त्याचा आकडा काढायचा आणि तो आपल्या गळ्यात बांधून घ्यायचा, हे कुणी शिकवलं? ती लय त्या माणसाच्या श्वासाची आहे, त्याच्या हॉलची आहे, आणि स्टुडिओत तुकडे जोडले असतील तर तेही तुम्हाला ऐकू येणार नाही. सुरुवातीला अलेग्रो मोदेरातो (जलद, पण बेताने) लिहिलंय, त्यातलं अलेग्रो सगळ्यांना दिसतं आणि मोदेरातो कुणालाच दिसत नाही, मग पहिलं पान पळवलं की अँदान्तेला येईपर्यंत ओठ दमलेले, कडेन्झात (साथीशिवाय एकट्याने वाजवायच्या भागात) धाप, आणि फुगातो म्हणजे नुसती बोटांची झटापट, ज्यात कुठला स्वर बरोबर कुठला गाळला हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. लय ठरवायची ती मागून पुढे: फुगातो ज्या लयीत प्रत्येक स्वर स्पष्ट आणि श्वासाच्या जागा न चुकता येतो ती तुमची लय, आणि आधीचे भाग तिच्याकडे बघून. 'सोबत वाजवा' म्हणून विकतात त्या ट्रॅकनी तर वाटच लावलीये, ट्रॅक तुमच्या श्वासासाठी थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. हे सगळं दोन महिन्यांपूर्वी विचारायचं होतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही. आजच पूर्ण पीस फोनवर रेकॉर्ड करून टीचरला पाठवा, आणि ते म्हणतील तीच लय, मी लिहिलं म्हणून काही बदलू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): अँदान्तेचा मूड येत नाही. दुकानदार म्हणतो मेटल माउथपीस घ्या, टोन डार्क होतो. घेऊ?

आधी रीड (माउथपीसवर लावायची वेताची पट्टी) बदलून बघा. मेटल म्हणजे डार्क हे दुकानातलं गणित आहे, आवाज ठरतो आतल्या आकारावर आणि तुमच्या तोंडावर. सॉफ्ट वाजवताना आवाज फुटतो की नुसता चपटा येतो हे तुम्ही लिहिलंच नाहीये, त्यामुळे लांबून मी काय सांगणार, टीचरसमोर आहे त्याच माउथपीसवर लाँग टोन (लांब धरलेले स्वर) वाजवून दाखवा. तरी घ्यायचाच असेल तर परत घेणार का ते दुकानदाराकडून आधी लेखी घ्या.