हंगर गेम्सनंतर यंग अ‍ॅडल्ट (टीनएजर्ससाठीच्या) फँटसी-सायफायमध्ये वाचण्यासारखं काही नवीन आलंय का, की सगळं एकाच साच्यातलं?

साचा आहेच, त्यात वादच नाही. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की कॉलेजात हंगर गेम्स वाचलं, मग त्याच शेल्फवरची अजून दोनचार उचलली तर प्रत्येकात तीच सोळा वर्षांची मुलगी, तेच दुष्ट सरकार, तिच्यामागे दोन पोरं आणि तिसऱ्या भागात क्रांती, म्हणून नाद सोडला, आणि आता नववीतल्या भाचीसाठी (आणि लपूनछपून स्वतःसाठी) पुन्हा शोधताय. तुमचा कंटाळा बरोबर आहे. 2008 ला हंगर गेम्स आलं, 2009 ला मेझ रनर, 2011 ला डायव्हर्जंट, आणि पुढची काही वर्षं प्रकाशकांनी त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या, मग वाचक कंटाळल्यावर परीलोकातले देखणे, पाचशे वर्षांचे, सतत भुवई उंचावणारे राजपुत्र आले आणि तो साचा अजून चालूच आहे.

पण साच्याला माझी तशी हरकत नाही, डिटेक्टिव्ह गोष्टीत खून होणारच असतो, म्हणून आपण ती वाचायचं सोडतो का. मी एवढंच बघते की या जगात जी काय जादू आहे किंवा सत्ता आहे तिचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय आणि ते लेखकाला माहितीये का. हे ज्याला कळलंय त्याने जुन्यातला जुना साचा वापरला तरी पुस्तक उभं राहतं, आणि नसेल कळलं तर ड्रॅगन आणा नाहीतर अजून काही आणा, शंभर पानांनंतर मी पुढे चाळायला लागते.

यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे नाओमी नोविकची स्कॉलोमान्स ट्रिलॉजी, 2020 ते 2022 या तीन वर्षांत तिन्ही भाग आले. वरवर बघितलं तर जादूची शाळा, म्हणजे पुन्हा तेच. पण या शाळेत शिक्षकच नाहीत, सुट्टी नाही, बाहेर जाता येत नाही, भिंतीतून आणि नळातून मुलांना खाणारे प्राणी निघतात, आंघोळीला जायचं तरी सोबत कोणीतरी पहारा द्यायला लागतं, आणि शेवटच्या वर्षी एका हॉलमधून जिवंत पळत बाहेर पडणं हीच परीक्षा. तरीही आईबाप मुलांना तिथे पाठवतात कारण बाहेर राहिलेल्या मुलांचे हाल याहून वाईट आहेत. आता गंमत अशी की काही मुलं एन्क्लेव्हमधली, म्हणजे श्रीमंत जादूगारांच्या सुरक्षित वसाहतींमधली, आणि बाकीची बिनवशिल्याची. ही बाकीची चार वर्षं त्या श्रीमंतांचा होमवर्क करतात, त्यांच्या आधी खोलीत शिरतात म्हणजे काही झडप घालणारं असेल तर आधी यांच्यावर घालेल, कशासाठी तर पुढे त्यांच्या वसाहतीत आपल्याला जागा मिळावी म्हणून. हे वाचताना मला कुठल्याही काल्पनिक दुष्ट सरकारापेक्षा जास्त भीती वाटली, कारण इथे कोणी खलनायक नाहीये, सगळे जण आपापल्या पोराचं बघतायत एवढंच.

जादूचा हिशोबही पक्का आहे. शक्ती एकतर स्वतःच्या कष्टातून साठवायची, म्हणजे नायिका एल अक्षरशः दंडबैठका काढते आणि तिला मनापासून न आवडणारं क्रोशाचं काम करत बसते, कारण जितकं जिवावर येईल तितकी शक्ती जास्त जमते, नाहीतर दुसऱ्या जिवातून ओढून घ्यायची. एलच्या अंगात जन्मजात कला आहे ती शहरंच्या शहरं बेचिराख करण्याची, म्हणजे तिला दुसरा मार्ग किती सोपा पडला असता बघा, आणि तिची सगळी चिडचिड त्यातूनच येते. तिसऱ्या भागात त्या सुरक्षित वसाहती नक्की कशावर उभ्या आहेत ते कळतं, ते सांगत नाही, पण पहिल्या भागात सहज म्हणून टाकलेल्या गोष्टी तिथे येऊन अशा बसतात की मी मागे जाऊन परत वाचल्या.

आपल्याला अजून एक मजा आहे. एलची आई वेल्श, वडील मुंबईच्या घरातले, आणि तिच्या हाती जो संस्कृत ग्रंथ लागतो त्याच्या कर्त्याचं नाव पुरोचन! लाक्षागृह बांधणारा तोच. सुरक्षित घर कसं बांधायचं याचा ग्रंथ नेमका त्याच्या नावावर, हे आपल्या डोक्यात ज्या पद्धतीने वाजतं तसं अमेरिकन वाचकाच्या डोक्यात वाजणार नाही. तक्रारीही आहेत, नाही असं नाही. पहिली पन्नासेक पानं एल नुसती माहिती देत सुटते, आणि वडिलांकडच्या भारतीय घराचं चित्र बरंच वरवरचं आहे, तिथे राहणाऱ्या माणसांपेक्षा त्यांची भविष्यवाणीच जास्त लक्षात राहते. पहिल्या भागात केसांच्या ड्रेडलॉक्सबद्दल एक वांशिकदृष्ट्या खटकणारं वाक्य होतं त्यावरूनही गदारोळ झाला होता आणि लेखिकेने माफी मागितली होती.

आता ड्रॅगन. 2023 मध्ये ड्रॅगनच्या शाळेची दोन पुस्तकं आली आणि सगळ्या जगाने त्यातलं एकच वाचलं, रिबेका यारोसचं फोर्थ विंग. आपल्याकडे टिकटॉक 2020 पासून बंद आहे तरी तेच रील इन्स्टावरून फिरत फिरत आपल्या फीडमध्ये आलेच. पहिली गोष्ट, ते यंग अ‍ॅडल्ट नाहीच, मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, बेडरूम सीन सविस्तर आहेत, आणि तरी बरीच दुकानं ते टीनएजर्सच्या शेल्फवर ठेवतात. भाचीने मागितलं तर आधी स्वतः चाळा. मला ते वाचायला मजा आली का, तर हो, एका बैठकीत संपलं, नायिकेचं सहज दुखावणारं शरीर, निखळणारे सांधे हे सगळं नीट लिहिलंय. पण ज्या कॉलेजात रोज मुलं मरतात असं सांगितलंय तिथे मरणारी बहुतेक जण दोन पानांपूर्वी ओळख झालेली असतात, बिल कायम दुसऱ्याच टेबलवर जातं. तिसरा भाग ऑनिक्स स्टॉर्म 2025 च्या जानेवारीत आला, त्यात नुसतं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणं आहे, मी नेटाने संपवला.

दुसरं पुस्तक मोनिक्विल ब्लॅकगूजचं टू शेप अ ड्रॅगन्स ब्रेथ. त्याला टीनएजर्सच्या फँटसी-सायफायचे नॉर्टन आणि लोडस्टार हे दोन्ही मोठे अवॉर्ड मिळाले तरी माझ्या ओळखीत कोणी वाचलेलं नाही. बेटावर राहणाऱ्या मूलनिवासी समाजातली अनेक्वस नावाची मुलगी, तिला ड्रॅगनचं अंडं सापडतं, पिल्लू तिची निवड करतं, आणि राज्य करणाऱ्या गोऱ्यांचा कायदा म्हणतो की आमच्या शाळेत येऊन आमच्या पद्धतीने शिक नाहीतर पिल्लू मारून टाकू. लढाया जवळपास नाहीतच. जेवणाच्या टेबलावरचे शिष्टाचार, कपडे, कोणी कोणाशी बोलायचं, आणि ड्रॅगनचा श्वास पदार्थाचं काय करतो याचं चक्क केमिस्ट्रीसारखं शास्त्र, यातच गोष्ट पुढे जाते. काहींना संथ वाटेल. मला आवडलं ते हे की अनेक्वसला आपण कमी आहोत असं एकदाही वाटत नाही, तिला ते लोक विचित्र वाटतात आणि ती ते तोंडावर विचारते. ज्यांच्या आजी-पणज्या मिशनच्या नाहीतर सरकारी शाळेत पहिल्यांदा गेल्या त्यांना यातले प्रसंग ओळखीचे वाटतील.

हंगर गेम्सचं म्हणाल तर 2025 मध्ये आलेलं सनराईज ऑन द रीपिंग नक्की वाचा. मूळ पुस्तकातली नायिका कॅटनिस, तिचा गुरू हेमिच याची ही गोष्ट, पन्नासावे गेम्स (सरकार मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढायला लावतं ते), चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस मुलं. शेवट आपल्याला आधीच माहितीये तरी पकडून ठेवतं, कारण कॅटनिसने दुसऱ्या भागात, म्हणजे कॅचिंग फायरमध्ये, याच गेम्सची टेप बघितलेली असते, आणि इथे कळतं की ती टेप किती कापून जोडलेली होती, म्हणजे आपणही इतकी वर्षं सरकारने एडिट केलेलंच खरं धरून चाललो होतो. हे फार हुशार आहे. खटकलं ते एवढंच की जुनी ओळखीची पात्रं एकामागोमाग एक हजेरी लावून जातात, अर्ध्यांची गरज नव्हती, आणि शेवटाकडे कवितेच्या ओळी इतक्या वेळा येतात की दुःखाच्या जागी मला पानं उलटायची घाई झाली.

बाकीची भराभर सांगते. आयर्न विडो (2021) मध्ये मोठमोठी लढाऊ यंत्रं चालवताना पुरुष पायलट सोबत बसवलेल्या मुलीची प्राणशक्ती शोषून घेतो आणि ती मुलगी मरते, सगळा देश त्याला हिरो म्हणतो. बिल कोणाचं हे इतकं उघड कोणी लिहिलं नव्हतं, आणि लव्ह ट्रँगलचं उत्तरही झिआरन जे झाओने असं काढलंय की मी हसले. दुसरा भाग मात्र राजकारणाच्या भाषणांनी जड झालाय. टोमी अडेयेमीचं चिल्ड्रेन ऑफ ब्लड अँड बोन (2018) झकास, पश्चिम आफ्रिकेतली दैवतं, वेग, राग सगळं आहे, पण 2024 चा तिसरा भाग घाईघाईत उरकल्यासारखा, पहिला वाचून थांबलात तरी चालेल. आर. एफ. क्वांगचं बेबल मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे: 1830 च्या दशकातलं ऑक्सफर्ड, चांदीच्या विटांवर चालणारं साम्राज्य, कँटनहून आणलेला एक मुलगा आणि कलकत्त्याचा त्याचा मित्र. तळटीपांमधून लेखिका वर्ग घेत बसते, तेवढं सहन करा.

मराठीत काय, असं कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते. फास्टर फेणे भाचीने आधीच संपवला असेल, आणि त्यापुढच्या वयासाठी फँटसी कादंबरी मला तरी शोधूनही फारशी सापडत नाही. आपली विज्ञानकथा सगळ्या वयांसाठी आहे आणि जास्त करून कथांमध्ये आहे. नारळीकर मे 2025 मध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, त्यातल्या निम्म्यांनी तरी वामन परत न आला पुन्हा काढून वाचायला हवं होतं. जमिनीखाली सापडलेल्या पेटीतलं ज्ञान वापरून माणसं एक यंत्रमानव बनवतात, आणि ते ज्ञान आधी ज्यांच्याकडे होतं त्यांचं काय झालं हे मात्र उशिरा विचारतात. आज एआयच्या गप्पा चालू असताना नववीतली मुलगी ते आरामात वाचेल. भाषा थोडी कोरडी आहे, माणसं जरा लेक्चर दिल्यासारखी बोलतात, पण गोष्ट धावते.

भाचीला पहिलं पुस्तक यातलं कुठलंच देऊ नका. तिला टी. किंगफिशरचं अ विझर्ड्स गाईड टू डिफेन्सिव्ह बेकिंग द्या. चौदा वर्षांची मोना, मावशीच्या बेकरीत काम करते, तिची जादू फक्त कणकेवर चालते, तळघरात बादलीत एक आंबवण आहे त्याचं नाव बॉब आणि त्याला स्वभाव आहे. गोष्ट विनोदी चालते आणि मग शहर वाचवायची वेळ येते तेव्हा मोना जी चिडते ती मला फार आवडली, की एवढी मोठी माणसं, शहरावर राज्य करणारी डचेस, सैन्य सगळे असताना हे माझ्यापर्यंत आलंच कसं. बाकी सगळ्या यंग अ‍ॅडल्टमध्ये मुलीला निवडलं गेल्याचा अभिमान असतो, इथे ती मोठ्यांना जाब विचारते. एकच भाग आहे, पुढच्याची वाट बघायची नाही. ते आवडलं तर स्कॉलोमान्स, तीही पूर्ण झालेली आहे. आयर्न विडो दोनेक वर्षांनी, त्यात छळाचे प्रसंग आहेत. आणि लेजंडबॉर्न कोणी सुचवलं तर चांगलंच आहे पण तिसरा भाग आला तरी गोष्ट संपलेली नाही, भाची माझ्यासारखी उतावळी असेल तर आत्ताच हात लावू देऊ नका.