इंजिनघरातल्या नौसैनिकाची नोंद

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या वडिलांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. काटोल तालुक्यातल्या शेतकरी घरातून ते नौदलात भरती झाले आणि भरतीनंतरच त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. 1971 च्या डिसेंबरमध्ये ते एका मिसाईल बोटीच्या इंजिन रूममध्ये होते. कराचीवर पहिला हल्ला झाला त्या रात्री त्यांची बोट त्या तुकडीत होती, याहून अधिक ते आम्हाला कधी बोलले नाहीत. त्यांना आता फार कमी ऐकू येते आणि "कान तिथेच ठेवून आलो" एवढेच ते त्याबद्दल म्हणतात. गेल्या विजय दिनी एका सत्कार समारंभात आयोजकांपैकी एकाने त्यांना सर्वांसमोर विचारले, "काका, तुम्ही मोठ्या जहाजावर नव्हता ना, बोटीवर होता, मग प्रत्यक्ष लढाईत कसे?" बाबा गप्प राहिले, घरी आल्यावर त्यांनी पदक काढून डब्यात ठेवले आणि त्यानंतर ते अशा कोणत्याही कार्यक्रमाला गेलेले नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलावाचे पाणी घरात शिरले तेव्हा त्यांची बहुतेक कागदपत्रे भिजून गेली. पाच टोकांच्या ताऱ्याचे ते पदक तेवढे उरले आहे. बाबांना आता शौर्यपदक मिळू शकेल का? त्यांच्या सेवेचा पुरावा कोठे मिळेल? आणि लहान बोटीवरच्या माणसांची सेवा खरोखरच कमी प्रतीची मानली जाते का?
— एक वाचक भगिनी, अंबाझरी परिसर, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाबांच्या मनाला लागले आहे ते तेच. आपल्या नागपूरला कामठीचे गार्ड्स रेजिमेंटल सेंटर ठाऊक आहे, वायुसेनानगरातील हवाई दलाचे मेंटेनन्स कमांड ठाऊक आहे. शून्य मैलाच्या दगडापासून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर राहतो, त्यामुळे नौदल आपल्याला दिसते ते चित्रातल्या मोठ्या युद्धनौकेच्या रूपातच. तो प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या मनात दुष्टावा नसेलही, पण त्यांची मोजपट्टी चुकीची होती, आणि हे त्यांना त्याच सभेत कोणीतरी सांगायला हवे होते.

कराचीवरील पहिला हल्ला, म्हणजे 4 डिसेंबर 1971 च्या रात्रीची ऑपरेशन ट्रायडंट ही मोहीम, या लहान नौकांनीच केली. आयएनएस निपात, आयएनएस निर्घात आणि आयएनएस वीर या तीन क्षेपणास्त्र नौका पुढे होत्या आणि किल्तान व कच्छल ही दोन जहाजे त्यांच्या सोबतीला होती. पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहण्यासाठी ही तुकडी दिवसभर कराचीच्या दक्षिणेस सुमारे 250 सागरी मैलांवर थांबली आणि अंधार पडल्यावर वेगाने उत्तरेकडे निघाली. त्या एका रात्रीत पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली, शाहजहान या विनाशिकेचे मोठे नुकसान झाले, व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज बुडाले आणि कराची बंदराजवळच्या कियामारीच्या तेलसाठ्यावर मारा झाला. आपली एकही नौका गमावली नाही. 4 डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो तो या रात्रीमुळे. "बोटीवर होता, मग लढाईत कसे" असे ज्यांना विचारले गेले, त्यांच्याच कामगिरीची तारीख देशाने नौदलासाठी निवडलेली आहे.

आता नौकेच्या आकाराबद्दल. सोव्हिएत संघाकडून आलेल्या या ओसा वर्गाच्या नौका जेमतेम 39 मीटर लांबीच्या आणि सुमारे 200 टन वजनाच्या होत्या. त्या जहाजांवर लादून भारतात आणल्या गेल्या तेव्हा एवढे वजन उचलणारी सोय मुंबई बंदरात नव्हती, म्हणून त्या कोलकात्याला उतरवून समुद्रमार्गे मुंबईपर्यंत ओढून आणाव्या लागल्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे होती. त्यांचे इंधन द्रवरूप आणि विषारी होते, आणि तीसच्या आसपास माणसे त्या चार क्षेपणास्त्रांमध्ये दाटीने वावरत. मोठ्या जहाजाला फटका बसला तर एखादा भाग बंद करून उरलेले जहाज वाचवता येते. येथे तशी जागाच नव्हती. बाबा जेथे उभे होते त्या इंजिनघरात तीन डिझेल इंजिने होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला 42 सिलिंडर होते. नौकेचा वेग हेच तिचे चिलखत होते, कारण क्षेपणास्त्रे सोडल्यानंतर उजाडण्यापूर्वी शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर पडायचे होते. इंजिनघराला खिडकी नसते. वर काय पेटले, काय बुडाले हे तेथील माणसांना दिसले नाही. वरून येणाऱ्या हुकुमाप्रमाणे वेग देत राहणे हीच त्यांची लढाई होती. तुमचे बाबा त्या रात्रीबद्दल फारसे बोलत नाहीत याचे एक कारण मला असेही वाटते की, लोक त्यांना जे विचारतात ते त्यांनी पाहिलेलेच नाही, आणि त्यांनी जे केले त्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

शौर्यपदकाबद्दल स्पष्ट सांगणे मला भाग आहे. युद्धातील शौर्यपदकाची शिफारस त्याच काळात, प्रत्यक्ष पाहिलेल्या वरिष्ठाकडून, ठरलेल्या क्रमाने वर जाते. पन्नास वर्षांनंतर कुटुंबाच्या अर्जावरून ते पदक मिळत नाही, आणि ती आशा बाबांना दाखवू नये असे मला मनापासून वाटते. ट्रायडंटसाठी तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या कमांडर बब्रुभान यादव यांना महावीर चक्र मिळाले आणि तिन्ही नौकांच्या कप्तानांना वीर चक्र. अधिकारी नसलेल्यांमध्ये निर्घातवरील मास्टर चीफ एम. एन. सांगल यांना वीर चक्र देण्यात आले. हे सर्व सन्मान पूर्णपणे योग्य होते. पण तीन नौकांवरची सगळी माणसे मोजली तर पदके बोटांवर मोजण्याइतकीच राहतात, आणि ज्याने तेलाचा दाब पाहत रात्र काढली त्याचे नाव कोणत्याही प्रशस्तिपत्रात येत नाही. ही उणीव मला फार वर्षे खटकत आली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ऑपरेशन ट्रायडंटचे कांस्यशिल्प आहे आणि ते पाहताना ऊर भरून येतो. मात्र तेथील भिंतींवर नावे कोरली आहेत ती वीरगती मिळालेल्यांची. जे सुखरूप परतले त्यांची नावे जपण्याचे काम घराघरांतूनच व्हावे लागणार आहे.

तरीही एक गोष्ट बाबांना जरूर सांगा. 1971 मधल्या या तुकडीचा वारसा सांगणाऱ्या 22 व्या क्षेपणास्त्र नौका स्क्वाड्रनला, जिला नौदलात 'किलर्स' म्हणतात, 8 डिसेंबर 2021 रोजी मुंबईत तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते राष्ट्रपती निशाण हा संपूर्ण तुकडीचा सन्मान म्हणून दिला जाणारा ध्वज प्रदान करण्यात आला. असे निशाण कोणा एका व्यक्तीचे नसते, त्यात इंजिनघराचाही वाटा असतो.

डब्यातले ते ताऱ्याचे पदकही क्षुल्लक नाही. 1971 च्या युद्धासाठी पूर्वेकडील मोहिमेत असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडील मोहिमेत असलेल्यांना पश्चिमी स्टार आणि त्या काळात सेवेत राहून ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्यांना संग्राम मेडल देण्यात आले. बाबांचा तारा पश्चिमी स्टार असेल, तर "प्रत्यक्ष लढाईत होतात का" या प्रश्नाचे सरकारी उत्तर तोच आहे. पदकावरचे नाव आणि क्रमांक नीट पाहून लिहून घ्या आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवा. ते घासून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात.

कागदपत्रांसाठी प्रथम नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथे बाबांची माजी सैनिक म्हणून नोंद असेल तर त्यांचा सेवाक्रमांक, हुद्दा आणि सेवामुक्तीची तारीख मिळेल. निवृत्तिवेतन चालू असल्यास बँकेकडील पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन आदेशावरूनही ही माहिती जुळवता येते. नौसैनिकांच्या सेवानोंदींचे काम मुंबईत मानखुर्द येथील ब्युरो ऑफ सेलर्सकडे चालते. बाबांच्या स्वतःच्या सहीने तेथे अर्ज करावा आणि त्यात दोनच गोष्टी मागाव्यात : कोणत्या नौकेवर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नेमणूक होती याचा उतारा, आणि मिळालेल्या पदकांची यादी. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे त्यांची नौका पहिल्या हल्ल्यात असेल, तर ती निपात, निर्घात किंवा वीर यांपैकीच एक असली पाहिजे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी हे नाव त्यांच्याकडूनच विचारून घ्या. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा मार्ग आहेच. शिवाय संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये युद्ध-इतिहासविषयक धोरण जाहीर केले असून, त्यानुसार 25 वर्षांहून जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे देण्याची तरतूद आहे. नातवंडांपैकी कोणाला इतिहासाची आवड असेल तर त्याच्यासाठी हे दार हळूहळू उघडते आहे.

या सगळ्याहून अधिक निकडीचे काम तुमच्या घरात आहे. बाबांचे कथन नोंदवून ठेवा, आणि ते या हिवाळ्यातच करा. "तेव्हा तुम्हाला कसे वाटले" असे विचारू नका, त्याचे उत्तर या पिढीतली माणसे देत नाहीत. तीन इंजिनांपैकी तुमचे इंजिन कोणते होते, शेजारी कोण उभे असायचे, तो कोणत्या गावचा, निघण्यापूर्वी काय जेवलात, कराचीला जायचे आहे हे केव्हा कळले, परतताना कोणत्या बंदरात उतरलात, असे विचारा. ऐकू येत नसेल तर प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून समोर ठेवा. त्यांनी सांगितलेल्या सोबत्यांची नावे जशीच्या तशी लिहा, कारण त्यांच्यापैकी काहींच्या मुलाबाळांना आपले वडील त्या रात्री कोठे होते हे आजही ठाऊक नसेल. आणि लिहिताना 'खलाशी' न म्हणता 'नौसैनिक' म्हणा. मालवाहू जहाजावरच्या माणसासाठी खलाशी हा शब्द मानाचाच आहे, पण बाबांनी गणवेशात शपथ घेतली होती.

प्रश्न : कारवारच्या किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे. कराचीवर हल्ला करणारी हीच नौका का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : नाही. चपळ ही त्याच घराण्यातली, पण नंतरच्या सुधारित प्रकारची नौका असून ती 1971 च्या युद्धानंतर नौदलात आली. तरीही मुलांना घेऊन जरूर जा. आतल्या जागेत एकदा उभे राहिले की, वर लिहिलेले सारे समजते.

प्रश्न : 1971 मध्ये नौदलातील अधिकारी नसलेल्या एका सैनिकाला महावीर चक्र मिळाले होते, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले. ते कोण, आणि कोणत्या जहाजावर होते?
— एक शिक्षक, वर्धा

उत्तर : ते लीडिंग सीमन चिमण सिंग, आणि तेही जहाजावर नव्हते तर एका लहान गनबोटीवर होते. कोलकाता बंदराच्या नदीत चालणाऱ्या दोन साध्या नौकांवर 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून पद्मा आणि पलाश या गनबोटी तयार करण्यात आल्या होत्या, आणि त्यांवर बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचे बंगाली नौसैनिक व आपले नौसैनिक एकत्र काम करीत. त्यांच्याबरोबर आपल्या पनवेल गावाचे नाव धारण करणारी आयएनएस पनवेल ही गस्ती नौका होती, आणि या दलाचे नेतृत्व एका मराठी अधिकाऱ्याकडे, कमांडर मोहन नारायण सामंत यांच्याकडे होते. सामंत यांनाही महावीर चक्र मिळाले. 2019 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

10 डिसेंबर 1971 रोजी हे दल आजच्या बांगलादेशातील मोंगला बंदराकडून खुलना शहराकडे नदीतून जात असताना आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी त्यांना शत्रूच्या नौका समजून हल्ला केला आणि पद्मा व पलाश दोन्ही बुडाल्या. पाण्यात उडी घेतलेल्यांवर काठावरून पाकिस्तानी सैनिक गोळीबार करीत होते. स्वतः जखमी असलेल्या चिमण सिंग यांनी पोहता न येणाऱ्या जखमी सोबत्यांना काठावर आणले आणि इतरांना निसटता यावे म्हणून गोळीबार अंगावर घेत ते शत्रूवर धावून गेले. ते पकडले गेले, आणि बांगलादेश मुक्त झाल्यावर त्यांची सुटका होऊन त्यांना रुग्णालयात नेण्यात आले.

त्याच दिवशी पलाशच्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन होते. नौका सोडण्याचा हुकूम झाल्यावरही ते इंजिने वाचवण्यासाठी थांबले, आणि त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. बांगलादेशाने त्यांना बीर श्रेष्ठ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला असून, हा सन्मान मिळालेल्या सातजणांत ते एक आहेत. त्यांची कबर खुलन्याजवळ रूपसा नदीच्या काठी आहे. अंबाझरीच्या ताईंनी एवढा भाग मोठ्या अक्षरांत लिहून काढावा आणि बाबांच्या हातात द्यावा. इंजिनघरात थांबणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.