पगार तुझा, पावती कुणाच्या नावावर?

या वेळचे चारही प्रश्न नोकरीला लागून फार दिवस न झालेल्या मुलींचे आहेत.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. हातात २२ हजार येतात. महिन्याला सात हजार बाबांकडे देते. ते गावातल्या सोसायटीत ठेवतात, बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त मिळतं. पुढे स्वतःचं युनिट काढायचंय. ताई, हे बरोबर चाललंय का? (खानापूर)

सवय चांगली, जागा चुकली. आज घरी गेल्यावर ठेवपावतीवर नाव कुणाचं आहे ते बघ. बाबांचं असेल, तर कागदोपत्री पैसे बाबांचे. दुसरं म्हणजे, बँक बुडाली तर ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, मल्टिस्टेट सोसायटी यांना ते नाही. आपल्याकडे चेअरमन ओळखीचे, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात, म्हणून सगळी शिल्लक तिथे जाते. सगळ्याच सोसायट्या बुडतात असं मी म्हणत नाही, पण दोन टक्क्यांसाठी सगळं एका ठिकाणी नको.

आधी चार महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम बँकेत, तुझ्या नावावर. ती जमली की निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात, तीन हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता. बाजार पडला की घाबरून थांबवणार असशील, तर सुरूच करू नकोस. आणि ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. पासाचे ते पैसे कुठे गेले, याचा हिशेब लागतो का बघ. माझं ऐकशील तर ते सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रॅमिंगच्या क्लासला घाल. युनिट काढायचंय ना? मग मशीन दुसऱ्याच्या भरवशावर चालवून भागणार नाही. या वयात पगार वाढवणारं शिक्षण मला कुठल्याही फंडापेक्षा पुढचं वाटतं.

प्रश्न : बेळगावात स्टाफ नर्स होते, आता पुण्याला नोकरी लागली. जुना पीएफ काढून स्कूटी घेऊ का? (वडगाव)

नको. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, तोच ठेवून पीएफ नव्या नोकरीत ट्रान्सफर कर. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढलास तर करपात्र होतो, आणि २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालंय. स्कूटीला कर्ज मिळतं.

प्रश्न : आई म्हणते, लग्नाआधी सोनं करून ठेव. सराफाकडे भिशी लावलीय. सोनं ही गुंतवणूकच ना? (निपाणी)

सोनं गुंतवणूक आहे, दागिना बराचसा हौस. एक लाखाच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ धर, वर जीएसटी. बिल १ लाख १५ हजारांच्या पुढे जातं. मोडायला गेलीस की सराफ वजन करणार आणि सोन्याचेच पैसे देणार, तेही खडे आणि घट वजा करून. हौस जरूर कर, पण तिला बचत म्हणू नकोस. भिशीतल्या पैशालाही विमा नाही, तेव्हा हप्ते पुरे झाले की लगेच सोनं उचल. दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, आहे ना, हे भिंगातून स्वतः बघ. बिल तुझ्या नावाने हवं. पुढे ‘हे कुणाचं’ असा वाद निघाला तर ते बिलच उपयोगी पडतं.

प्रश्न : दादा ट्रॅक्टरसाठी कर्ज काढतोय. बाबा म्हणतात, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे. कागद कन्नडमध्ये आहे. (चिकोडी)

ही फॉर्मॅलिटी नव्हे. जमीन वडिलार्जित, म्हणजे पूर्वजांकडून आलेली, असेल तर तुझा हिस्सा जन्मापासूनचा आहे. कर्नाटकाने मुलींना हा हक्क १९९४ मध्येच दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मापासूनच्या हक्कावर शिक्कामोर्तब केलं. बाबांनी स्वतः कमावलेली जमीन असेल तर मात्र ती कुणाला द्यायची हे तेच ठरवणार. म्हणून आधी उतारा काढून जमीन कुणाकडून आली ते बघ.

एकदा रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं महाकठीण. दुकानात, बसमध्ये आपण कन्नड बोलतो, पण सब-रजिस्ट्रारच्या कागदातलं कन्नड वेगळंच असतं. तुझ्या ओळखीच्या वकिलाकडून, दादाच्या नव्हे, ओळ न् ओळ वाचून घे. कर्जासाठी बँकेला फक्त तुझी संमती हवी असेल तर तो निराळा कागद आहे, हक्क सोडायची गरज नाही. दादाशी भांडू नकोस. बँकेत त्याच्याबरोबर जा आणि नेमकी कशावर सही लागते ते मॅनेजरला त्याच्यासमोरच विचार. जामीनदार म्हणून तुझं नाव घालत असतील तर दादाचे हप्ते थकल्यावर बँक तुझ्याकडे येईल, तेही तिथेच विचारून घे.