उचलीआधी वाच

प्रिय बाळा,

बारावीचे मार्क वाचून फार आनंद झाला. पण घरी ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाशी उचलीची, म्हणजे आगाऊ पैशांची, बोलणी चाललीत आणि सोबत तुझ्या लग्नाचीही, असं लिहिलंस. म्हणून लगेच लिहितेय.

ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. शिवाय आईवडील सहा महिने उसाच्या फडावर, तर वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? बीडमध्ये मुलींची लग्नं लवकर उरकतात ती यातूनच. तुझ्या आईवडिलांची काळजी खरी आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. वसतिगृहाची जागा हातात ठेवून बोल. धाकट्या भावाचंही बघ. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत, समाजकल्याणला चौकशी कर. त्याला फडावर नेलं की दिवाळीनंतरची शाळा बुडालीच.

आता तुझं. गरिबी नशिबापेक्षा पत्त्यावर जास्त ठरते, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात राज्यात शंभरातले साधारण १५ लोक गरीब होते, नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त. तिथली पोरं काय कमी हुशार आहेत? आपल्याकडेही शिकलेल्याला काम देणारं फारसं काही उभंच राहिलं नाही. म्हणून गावाजवळच्या कॉलेजात नुसतं बीए करून बसू नकोस. पुण्यात खोली घेऊन एकट्या एमपीएससीवर सगळी उमेद लावणंही मला पटत नाही. जागा शेकड्यांत, मुलं लाखांत.

नर्सिंगची सीईटी दिलीच आहेस, तर ऑप्शन फॉर्ममध्ये पुणे, नाशिक, संभाजीनगर वर टाक. जिथे दवाखाने, तिथे नोकरी. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, हवा. मेसचा आणि खोलीचा खर्च त्यात नाही, म्हणून वसतिगृहाचा अर्ज त्याच आठवड्यात कर.

कागदपत्रं आताच गोळा कर: उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, जात प्रमाणपत्र, आधारला जोडलेलं बँक खातं. वडील टोळीबरोबर निघून गेले की सह्यांसाठी कुणी सापडत नाही. चांगल्या मुलींचे प्रवेश एवढ्यावरून गेलेत, आणि त्याचा मला आजही संताप येतो. दाखल्यांसाठी उद्याच सेतू केंद्रात जा.

मुकादम घरी यायच्या आधी मला फोन कर. वडिलांशी मी स्वतः बोलते.

तुझी,
बाई