सॉफ्टवेअरची ३० दिवसांची फ्री ट्रायल संपली. तारीख मागे नेली तर चालेल का? नाहीतर काय करू?

तारीख मागे नेऊन बहुतेक काही होणार नाही. ऐकीव सांगत नाही, ट्रायलचं कुलूप लावणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. तुमच्या प्रश्नाने एक जुनं भांडण उकरून निघालं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

एका मित्राबरोबर भागीदारीत मी मालाचा साठा सांभाळायचं छोटं सॉफ्टवेअर काढलं होतं. महिनाभर फुकट, मग पैसे भरून मिळणारी लायसन्स की, म्हणजे कुलूप उघडणारा कोड. पहिल्या दिवसाची तारीख रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, आणि जोडीला एका लपवलेल्या फाइलमध्ये. शिवाय बंद होताना प्रोग्रॅम दर वेळी ती वेळ लिहून ठेवायचा. पुढच्या खेपेला घड्याळ त्याच्या मागे दिसलं की ट्रायल तिथेच खलास. अनइन्स्टॉल केलं तरी ती फाइल मुद्दामच मागे राहायची. दोन हौशी पोरांनी एवढं केलं, तर कंपन्या काय करत असतील बघा. आणि हल्ली बऱ्याच ट्रायल खात्याला बांधलेल्या असतात. दिवस त्यांचा सर्व्हर मोजतो, तुमच्या घड्याळाला कोण विचारतंय? उलट तारीख मागे नेलीत की ब्राउझर वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही म्हणून कुरकुरायला लागेल ते वेगळंच.

तर भांडण. मित्राचं म्हणणं, मुदत संपली की सगळं बंद. नोंदी दिसतील, पण हात लावता येणार नाही. "महिनाभर टाइप केलंय, ते सोडवायला तरी पैसे भरतील." मी म्हटलं, नवीन नोंद बंद कर, पण जुनी फाइल उघडली पाहिजे, छापता आली पाहिजे, सीएसव्ही (कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) करून बाहेर काढता आली पाहिजे. त्या नोंदी त्यांनी केल्यात, आपण नाही. त्याला हा शुद्ध भाबडेपणा वाटला. मी फाइली दाबून लहान करणारं विनरार दाखवलं: ४० दिवस झाले की 'विकत घ्या' म्हणणारी एक खिडकी येते, ती बंद करा, काम चालू. १९९५ पासून टिकून आहे. कोड लिहायचं सब्लाइम टेक्स्ट दाखवलं: त्याच्या ट्रायलला सक्तीची मुदतच नाही, मधूनमधून आठवण तेवढी करून देतं. "त्यांना परवडतं," एवढंच त्याचं उत्तर.

शेवटी त्याच्या मनासारखी आवृत्ती निघाली, आणि ग्राहकांचे मेल मात्र माझ्याकडे यायचे. एका बाईंचा मेल अजून लक्षात आहे. सगळा माल त्यांनी एकटीने बसून चढवला होता, मध्ये आजारपणात खंड पडला, परत येऊन बघतात तर कुलूप. त्या फुकट वापरायला मागतच नव्हत्या. "माझी यादी तेवढी परत द्या," म्हणत होत्या. मी त्याच रात्री यादी बाहेर काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाठवून दिला. नंतर मागेल त्याला देत गेलो. मित्राला कळल्यावर आमची भागीदारी काही फार टिकली नाही. त्या बाईंनी पुढे सॉफ्टवेअर घेतलं नाही, हे तो मला भेटेल तेव्हा ऐकवतो. ऐकवू दे. त्यांची यादी त्यांना मिळाली.

आता तुमचं. आधी बघा, स्वतःच्या फाइली उघडताहेत का. मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखं सॉफ्टवेअर मुदत संपल्यावरही फाइल उघडू देतं, छापू देतं, फक्त बदल करू देत नाही. जे जे बाहेर काढता येईल ते आजच काढा: सीएसव्ही, पीडीएफ, चित्रं असतील तर एसव्हीजी, जे मिळेल ते. आणि तुमचं काम तुम्हालाच देत नसेल, तर खिशात पैसे असले तरी ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ट्रायलमध्ये जो अडवून धरतो तो लायसन्स घेतल्यावरही कधीतरी अडवणारच.

देत असेल आणि रोज लागत असेल, तर घ्या की विकत! महिन्यात दोनदाच उघडलं असेल तर सोडून द्या. लिबरऑफिस (ऑफिसचं काम), गिम्प (फोटो), इंकस्केप (रेखाचित्रं), ब्लेंडर (थ्रीडी) फुकट आहेत आणि घरगुती कामाला भरपूर झाले. वापरून बघायला खरंच वेळ मिळाला नसेल तर कंपनीला दोन ओळींचा मेल टाका, मुदत वाढवून मागा. आम्ही द्यायचो, मित्रसुद्धा द्यायचा. क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडून देणाऱ्या चोरट्या फाइलींच्या, वाटेला जाऊ नका. जी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगते, ती पासवर्ड चोरायला आली असेल हे वेगळं सांगायला नको.

अर्थात ऑफिसच्या कामासाठी असेल तर यातलं काहीच स्वतः ठरवू नका, कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारा. विद्यार्थी असाल तर सवलतीचं किंवा फुकट लायसन्स आहे का बघा. सगळं क्लाउडवर असेल तर घाई करा, बंद पडलेल्या खात्यातला डेटा काही काळाने पुसतात.

आणि हो, ट्रायल घेताना कार्ड दिलं होतं का? मग ती नुसती संपली नसेल, वर्गणी सुरू झाली असेल. मोबाइलवरचं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये जाऊन रद्द करावी लागते. हे बाकी सगळ्याच्या आधी तपासा.