हरणाच्या शिकारीसाठी झाडावर चढायच्या पायऱ्या घरीच सळईच्या बनवल्या तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये यंदा पहिल्यांदाच लायसन काढलंय, स्टँड (झाडावर बांधून बसायचा मचाण) घेतलाय, पण चढायच्या पायऱ्या विकत आणण्यापेक्षा अर्धा इंची सळई कापून, वेल्ड करून घरीच दहा-बारा बनवाव्या असा विचार आहे, कुणी केल्यात का. केल्यात. मी केल्यात. त्यातल्या एकीपायी माझी उजवी टाच आणि कमरेचा एक मणका मोडला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: सळईच्या नकोत, आणि वेल्ड केलेल्या सळईच्या तर अजिबात नकोत.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी आणि माझे साडू, आम्ही दोघांनी मिळून हा उद्योग केला. साडूंचा हात वेल्डिंगवर चांगला बसलेला, तिकडे पिंपरीत असताना शॉप फ्लोअरवर वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे मी काही बोललो नाही. डिझाइन असं: अर्धा इंची सळई, चार इंच झाडात, सहा इंच बाहेर, आणि पाय ठेवला की सळई भोकात फिरू नये म्हणून खोडाला टेकेल अशी तीन इंची चौकोनी पट्टी तिच्यावर वेल्ड केलेली, पट्टीला दोन स्क्रू. दिसायला इतकं दणकट की आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानेही, ज्याने मला शिकार शिकवली, हातात घेऊन मान डोलावली. एका शेतकऱ्याच्या रानात आम्हाला शिकारीची परवानगी होती, तिथे एका ॲशच्या झाडावर पंधरा फुटांवर स्टँड बांधला, खालपासून दहा पायऱ्या ठोकल्या. २०१३ चा सीझन सुखरूप गेला. मीच चार जणांना फोटो पाठवले होते.

१५ नोव्हेंबर २०१४, शनिवार, बंदुकीच्या सीझनचा पहिला दिवस. थंडी मरणाची. दिवसभर एक मादी आणि दोन पिल्लं दिसली, मी काही मारलं नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वेळ संपते, शॉटगन रिकामी केली, दोरीने खाली सोडली, हार्नेसची (अंगाला बांधायच्या सेफ्टी पट्ट्याची) दोरी सोडली आणि स्टँडवरून उजवा पाय वरून दुसऱ्या पायरीवर टाकला. आवाज अगदी बारीक झाला, खडूची कांडी मोडावी तसा. मग मी पाठीवर, तोंडात पाचोळा, आणि पायात बुटाच्या आत काहीतरी गरम गरम. फोन छातीच्या खिशात होता म्हणून वाचलो, मागच्या खिशात असता तर काढताच आला नसता, कारण कमरेतून वळताच येत नव्हतं. साडू रानाच्या दुसऱ्या टोकाला होते, पळत आले, त्यांनी मला हलवलं नाही, अंगावर स्वतःचं जॅकेट घातलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बोलत राहिले. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण खाली त्यांच्याशी भांडणार आहे आणि माणूस म्हणून त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. नंतर सहा आठवडे त्यांच्याच घरून डबा यायचा.

पण भांडण आहे आणि ते आजही मिटलेलं नाही. साडूंचं म्हणणं, झाड मेलेलं होतं, चुकीचं झाड तू निवडलंस, वेल्ड शंभर टक्के पक्कं होतं.

झाड मेलेलं होतं हे खरं. ॲश पोखरणारा तो हिरवा किडा आशियातून आला, २००२ मध्ये इथेच डेट्रॉइटजवळ सापडला, आणि त्याच्या अळ्या सालीखालचं सगळं खातात, चार-पाच वर्षांत झाड उभ्या उभ्या मरतं आणि मग लाकूड इतकं ठिसूळ होतं की झाडं तोडणारे व्यावसायिक लोकसुद्धा त्यावर चढायला नको म्हणतात. मेलेल्या ॲशवर तुम्ही काहीही बांधू नका, हे मी साडूंना कधीच मान्य केलंय. पण लाकूड गेलं असतं तर सळई भोकातून उपटून आली असती ना? ती उपटली नाही. ती तुटली. वसंतात शेतकऱ्याने झाड पाडलं तेव्हा मी काठी टेकत जाऊन तेवढा ओंडका कापून आणला, सळईचा तुकडा अजून त्यात घट्ट आहे, हातोडीने ठोकून हलत नाही. गॅरेजमध्ये शेल्फवर ठेवलाय.

त्या तुकड्याचं तोंड नीट बघा (साडूंनी आजवर बघितलेलं नाही). साधारण तिसरा हिस्सा गंजून तपकिरी झालाय आणि उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. म्हणजे तडा आधीच गेलेला होता, कदाचित पहिल्याच सीझनला, तिथे पाणी शिरून गंज चढला, आणि त्या संध्याकाळी उरलेलं तुटलं. आणि तडा कुठे, तर बरोब्बर वेल्डच्या कडेला.

आता हे का झालं ते सांगतो, तुम्हीही इंजिनिअर आहात असं प्रोफाइलवर दिसतंय. सळईवर गिरणीचे ठसे असतात, त्यात एक अक्षर असतं, एस किंवा डब्ल्यू. एस म्हणजे ए६१५ (हा अमेरिकेतल्या स्टँडर्डचा नंबर), दुकानात मिळते ती बहुतेक हीच. तिच्या स्टँडर्डमध्ये कार्बन किती असावा यावर मर्यादाच नाही. डब्ल्यू म्हणजे ए७०६, ती वेल्डिंगचा विचार करून बनवलेली असते. आमच्या सळईवर एस होता. जास्त कार्बनची सळई आधी न तापवता गॅरेजमध्ये वेल्ड केली की कडेची पट्टी झटक्यात थंड होते आणि काचेसारखी कडक होते. वेल्ड स्वतः पक्कंच असतं, साडू बरोबर बोलतात, तुटते ती त्याच्या शेजारची जागा. आणि आम्ही ती जागा नेमकी खोडाच्या तोंडाशी आणून ठेवली, जिथे बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, सगळ्यात जास्त.

बरं, वेल्ड बाजूला ठेवा. कपडे-बूट धरून ९५ किलोचा माणूस, पाय खोडापासून चार इंच बाहेर, अर्धा इंची गोल सळई. नुसतं स्थिर उभं राहिलं तरी बाहेरच्या धारेवर ताण ४७० मेगापास्कलच्या आसपास जातो. ग्रेड ६० सळईचा यील्ड, म्हणजे ती कायमची वाकायला लागते तो ताण, ४२०. म्हणजे नुसतं उभं राहिलं तरी मर्यादा ओलांडली, उडी, धक्का, घसरणं हे तर धरलेलंच नाही. दोन मेकॅनिकलवाल्यांनी मिळून हे पाच मिनिटांचं गणित केलं नाही, याचं मला पडण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

गुहागरहून दादाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, आपला पाडेली (नारळ पाडणारा) पायात दोरीचा फास अडकवून चाळीस फूट माडावर चढतो आणि तू इंजिनिअर होऊन पंधरा फुटांवरून पडलास. मला ते फार लागलं होतं, पण बोलला ते खोटं नव्हतं. पाडेलीचा पाय कायम खोडाला चिकटलेला असतो, बाहेर आलेल्या कशावर तो भार टाकतच नाही. पायरी जितकी बाहेर तितकी ती वाईट, एवढं त्याला न शिकता कळतं.

तर मग काय करायचं. तुम्ही सरकारी जमिनीवर बसणार असाल तर प्रश्नच मिटला, मिशिगनमध्ये तिथे साल भेदून आत जाणारं काहीही चढण्यासाठी वापरता येत नाही, सळई नाही, स्क्रूच्या पायऱ्या नाहीत, खिळे नाहीत, आणि स्टँडवर आपलं नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसनचा नंबर लावावा लागतो. पट्ट्याने बांधायच्या क्लाइंबिंग स्टिक्स (पायऱ्या असलेले दांडे) घ्या, चार पुरतात. पैसे वाचवायचे तर सीझन संपल्यावर घ्या. आणि पट्टे झाडावर वर्षभर सोडू नका, उन्हाने कुजतात आणि झाड वाढलं की आतून ताणले जातात.

खाजगी जमीन असेल, मालकाला स्पष्ट विचारलं असेल, झाड जिवंत आणि हिरवं असेल, आणि तरीही घरीच करायचं असेल तर वेल्डिंग अजिबात नको. ५/८ इंची ग्रेड ५ चे लांब बोल्ट, चार इंच आत, पाच इंच बाहेर, भोक किंचित आतल्या बाजूला उतरतं पाडायचं म्हणजे बाहेरचं टोक वर राहतं आणि पाय घसरून बाहेर जात नाही, आटे पूर्ण लाकडाच्या आत, खोडाच्या तोंडाशी आटे आले तर तिथूनच तडा सुरू होतो. बोल्टचं डोकं बाहेर राहतं, तेच पायाला अडसर. वरच्या गणितात हा आकार घातला तर ताण २४० च्या आसपास येतो आणि ग्रेड ५ चा यील्ड ६३० च्या वर आहे. सीझन संपला की बोल्ट काढून घ्यायचे, नाहीतर झाड ते गिळतं, आणि पोटात लोखंड असलेला ओंडका करवतीच्या गिरणीवाले घेत नाहीत, मालक तुम्हाला परत रानात पाऊल टाकू देणार नाही. अंतर वगैरे तुम्ही तुमच्या उंचीप्रमाणे बघा, आमचं पंधरा इंच होतं.

एक राहिलं, आणि खरं तर हे वर लिहायला हवं होतं. पायरी कितीही चांगली असली तरी त्या दिवशी मी हार्नेस सोडून मग पाय टाकला होता, ती चूक ना साडूंची ना सळईची, माझी. स्टँडच्या वर बांधून जमिनीपर्यंत सोडलेली लाइफलाइन घ्या, तिच्यावर प्रुसिक गाठ (हाताने सरकते, पण भार आला की दोरीवर आवळून बसते), आणि जमिनीवरून पाय उचलायच्या आधी अडकवायची ती परत जमिनीवर आल्यावरच सोडायची. माणसं पडतात ती जास्त करून चढता-उतरताना आणि स्टँडवर पाय टाकताना. आणि हे वाचून तिकडे महाराष्ट्रात कुणी झाडाला पायऱ्या ठोकायच्या विचारात असेल तर थांबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे शिकार हा गुन्हा आहे, मी लिहिलंय ते इथल्यापुरतं.

सळई आणून ठेवली असेल तर तिच्यावर एस आहे की डब्ल्यू, तेवढं बघून खाली लिहा. आणि झाड कुठलं आहे तेही.